पाठकोऱ्या कागदांवरची मुलगी

मी किशोरवयीन मुलांसाठी कादंबऱ्या लिहिते. हे कळलं की समोरचा माणूस आधी माझ्या पिकलेल्या केसांकडे बघतो आणि मग विचारतो, "म्हणजे गोष्टी का?" मी हो म्हणते. वाद घालण्यात वेळ जातो आणि माझा दिवस आखलेला असतो. डबे, लिहिणं, बाजार, चहा, वाचन. प्रत्येकासमोर चौकोन काढलेला असतो आणि काम झालं की त्यात बरोबरची खूण करते. "चहा" लिहून त्यावर खूण करणारी बायको फक्त आपल्यालाच मिळाली, असं नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतो.

वाचनालयात मी किशोर विभागाच्या कपाटाशी उभी असते. काउंटरवर नवीन माणूस असला तर हमखास विचारतो, "मुलगा कितवीत आहे?" मुलगा बंगळूरला नोकरी करतो आणि त्याला वाचायचा कंटाळा आहे. पुस्तकं माझ्यासाठीच असतात. वसतिगृहातल्या मुलींची भांडणं, सुट्टीत मामाच्या गावी सापडलेलं भुयार, बोलणं बंद केलेल्या दोन मैत्रिणी, शाळेच्या गच्चीवरचं भूत. पन्नाशी उलटलेल्या बाईने यात इतकं रमावं हे नवऱ्याला अजून पचलेलं नाही. तो स्वतः अर्थव्यवस्थेवरची जाड पुस्तकं आणतो आणि छातीवर ठेवून झोपतो. मी माझी पुस्तकं संपवते तरी.

आमचं घर लहान आहे, त्यामुळे पुस्तकांचे दोन नियम आहेत. पहिला कपाटाचा. एक पुस्तक आत आलं की एक बाहेर जायला हवं. हा नियम मी केला आणि एकट्या मीच पाळते. दुसरा कागदांचा. एका बाजूला छापलेला कागद फेकायचा नाही. पाठकोरे कागद साठवायचे, नवीन कादंबरीचा कच्चा खर्डा त्यावरच छापायचा आणि जास्तीचे वाटून टाकायचे. वरच्या मजल्यावर नववीतली एक मुलगी राहते, तिला गणिताच्या कच्च्या कामाला. गव्हाणहून सुकट घेऊन येणाऱ्या मावशींना पुड्या बांधायला. नवऱ्याला सुडोकूला. उरलेले माझ्या याद्यांना.

या दुसऱ्या नियमामुळे पुढचा सगळा घोळ झाला.

गेल्या वर्षी सासूबाई आपट्याच्या, म्हणजे आमच्या गावच्या घरात पायरीवरून पडल्या. पायाचं हाड जुळलं, पण एकटं राहायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून त्यांना आमच्याकडे पनवेलला आणलं. येताना त्यांनी एक पिशवी आणली. त्यात चार लुगडी, जपाची माळ, औषधं आणि चष्मा. ती पिशवी त्यांनी कधी पूर्ण रिकामी केलीच नाही. पलंगाखाली, तोंड बाहेर करून ठेवलेली असे. कुणी विचारलं की म्हणत, "दिवाळी झाली की जाते." एकटीला तिथं राहणं जमणार नाही हे नवऱ्याला माहीत होतं, मला माहीत होतं आणि बहुधा त्यांनाही. बोलत कुणीच नव्हतं.

माझी काळजी मात्र पिशवीपेक्षा वेगळी होती. आई वाचत नव्हत्या.

मी लग्न होऊन आले तेव्हा इतकं वाचणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. सासरे गावातल्या शाळेत शिक्षक होते आणि शाळेच्या पुस्तकांचं कपाट त्यांच्या ताब्यात होतं, म्हणजे खरं तर आईंच्या. चुलीवर आमटी उकळतेय आणि ह्या लाकडी चमच्याने पान दाबून धरून वाचतायत. त्यांची एक खोड होती. कुठलंही पुस्तक हातात आलं की त्या आधी ते पालथं करत आणि शेवटचं पान वाचत. मला याचा भयंकर राग यायचा. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "कोण मरतं ते आधी कळलेलं बरं. त्याच्यावर फार जीव लावायचा नाही मग."

तीच बाई आमच्याकडे आल्यापासून दिवसभर गॅलरीत बसून हायवेच्या दिशेने बघत होती. "डोळे दुखतात," म्हणायच्या. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "यांचे तुमच्यापेक्षा बरे आहेत." एसटीच्या थांब्यावर माणूस बसतो तशा त्या आमच्या घरात बसल्या होत्या. तिथं कुणी पुस्तक उघडत नाही. गाडी कधीही येईल म्हणून सामानावर हात ठेवून असतात.

मी अर्थातच यादी केली. मोठ्या टाइपातली पुस्तकं आणली. चाळलीही नाहीत. गुप्तहेरकथा आणल्या. शेवटचं पानसुद्धा पाहिलं नाही, तेव्हा मी खरी घाबरले. फोनवर कादंबरी ऐकायची सोय करून दिली. त्यांनी कानातला इयरफोन लगेच काढला.

"हा कोण बोलतोय?"

"पुस्तक आहे, आई. तो वाचून दाखवतोय."

"मग इतक्या जवळ येऊन कशाला सांगतोय?"

तिथेही खूण केली आणि पुढे गेले. यादीत शेवटी माझाच खर्डा उरला. सोसायटीतली चार मुलं ड्रोन उडवतात आणि जमिनीच्या दलालांची टोळी पकडतात, अशी कादंबरी नुकतीच पूर्ण झाली होती. प्रकाशकांना महिनाअखेरीस द्यायची होती. कच्चा खर्डा पाठकोऱ्या कागदांवर छापला, वरून लाल रबर लावलं आणि आईंच्या शेजारच्या स्टुलावर ठेवला.

"वाचलं नाही तरी चालेल. नुसतं चाळा."

"बघू," आई म्हणाल्या. त्यांच्या "बघू"चा अर्थ मला चांगला माहीत होता.

बरेच दिवस गठ्ठा तसाच पडून होता. त्यावर पेला ठेवल्याचा गोल डागही उमटला. मग एका संध्याकाळी मी बाजारातून आले, पिशवीतून भाजी काढत होते आणि मागून आवाज आला.

"शेवट चांगला केलास हो."

मी वळले. आईंच्या डोळ्यांवर चष्मा होता.

"वाचलंत?"

"शेवटचं पान वाचलं. मुलगी घरातून निघते ते. आई दारात उभी राहून हात हलवत नाही, नुसती पदराला गाठ मारत राहते. चांगलंय."

माझ्या कादंबरीत मुलगी घरातून निघत नव्हती. पदर घेणारी आईच नव्हती. चारही मुलांच्या आया लॅपटॉपवर होत्या.

"कुठली मुलगी, आई?"

"नदीकाठची. तुझीच ना? का दुसऱ्या कुणाचं छापून आणलंस?"

मी गठ्ठा हातात घेतला आणि उलगडा झाला. आईंनी नेहमीच्या खोडीप्रमाणे शेवटचं पान बघायला गठ्ठा पालथा केला होता. पालथ्या गठ्ठ्यावर कागदांची दुसरी बाजू वर आली. माझ्या एका जुन्या, अर्धवट सोडलेल्या कादंबरीची पानं मी छपाईला वापरली होती आणि पालथं केल्यावर ती बरोबर पहिल्या पानापासून लागली होती. आईंनी ड्रोनवाल्यांचा शेवट समजून जे वाचलं, ती नदीकाठच्या मुलीची सुरुवात होती.

ती तेरा वर्षांची मुलगी शिक्षणासाठी गाव सोडून शहरात मावशीकडे येते. शहर म्हणजे आमचं पनवेलच, नाव दिलं नव्हतं. मी ती नऊ प्रकरणं लिहून सोडून दिली होती, कारण तिने गावी परत जावं की मावशीकडे राहावं हे मला ठरवता येईना.

"ही दुसरी कादंबरी आहे, आई. टाकून दिलेली. पुढची बाजू वाचा."

त्यांनी माझ्या हातून गठ्ठा परत घेतला, पालथा केला आणि मांडीवर ठेवला.

"पुढची बाजू वाचली चार ओळी. त्या पोरांना गृहपाठ नसतो का?" असं म्हणून त्यांनी दुसरं पान उलटलं.

त्या संध्याकाळी आमच्याकडे भात करपला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आईंना वाचताना बघत होते. नवरा आला, त्याने वास घेतला, तो काही बोलणार तेवढ्यात मी बोट ओठांवर ठेवून गॅलरीकडे दाखवलं. करपलेला भात त्याने मुकाट्याने खाल्ला. लग्नानंतर पहिल्यांदाच असेल.

दोन दिवसांत गठ्ठा संपला. तो चौथ्या प्रकरणाच्या शेवटी तुटत होता.

"पुढचं दे," आई म्हणाल्या.

"नाहीये."

"नाही कसं? तूच लिहिलंस ना?"

मग मला माझी व्यवस्थित राहणी त्यांना समजावून सांगावी लागली. अपुरी राहिलेली फाइल मी कॉम्प्युटरवर ठेवत नाही, डोक्यात अडकून बसते. नवीन लॅपटॉप घेताना ती पुसून टाकली होती. कागद उरले होते आणि ते मी नियमाप्रमाणे वाटून टाकले होते.

आईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "इतकं नीटनेटकं राहू नये माणसानं," म्हणाल्या आणि पुन्हा गॅलरीकडे वळल्या. चष्मा काढून मांडीवर ठेवला. तो काढलेला चष्मा मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शोधाला निघाले.

पहिला नवरा. त्याच्या सुडोकूच्या फाइलमागे सहावं प्रकरण जवळजवळ सगळं मिळालं, कारण त्याचं एकही सुडोकू पूर्ण होत नाही आणि पूर्ण झाल्याशिवाय तो कागद टाकत नाही. मी त्याला आळशी म्हणायचे, ते त्या आठवड्यापुरतं थांबवलं.

मग सुकटवाल्या मावशी. त्या सोसायटीच्या फाटकाशी टोपली घेऊन बसल्या होत्या.

"मावशी, मी दिलेले कागद उरलेत का थोडे?"

"ते कदीच संपलं, बाय."

"त्यावर माझं एक प्रकरण होतं."

"आता काय सुकट परत मागवू लोकांकडनं?" त्यांनी मला नीट न्याहाळलं. "तुमी परत लिवा की. हात हाय ना शाबूत."

पाचवं प्रकरण असं पनवेलभर सुकटीबरोबर गेलं. मी पावशेर सुकट घेऊन वर आले. आता पुडी साध्या वर्तमानपत्राची होती.

शेवटी वरच्या मजल्यावर गेले. तिथे ती नववीतली मुलगी आणि तिची आई राहतात. वडील कुवेतला आहेत आणि सुट्टीत येताना माझ्यासाठीही खजूर आणतात. ही मुलगी माझी सगळ्यात कठोर वाचक आहे. माझ्या मागच्या कादंबरीतलं एक पात्र "चिडून पाय आपटत" खोलीत गेलं होतं, त्यावर तिने मला विचारलं होतं, "आंटी, तुम्ही शेवटचं कुणाला पाय आपटताना पाहिलंय?"

मी गणिताच्या कागदांबद्दल विचारताच तिचा चेहरा उतरला.

"तुम्हाला परत हवेत?"

"आहेत का?"

ती आत गेली आणि एक प्लास्टिकचा फोल्डर घेऊन आली. सातवं, आठवं, नववं प्रकरण. पानं क्रमाने लावलेली. कोपऱ्यांत समीकरणं सोडवलेली.

"अम्मी रद्दीत देत होती. मी नाही दिली. मागच्या बाजूला जे होतं ते मी आधी वाचायचे, मग गणित करायचे."

तिची आई दारातूनच म्हणाली, "म्हणून गणितात असे मार्क पडले. मला वाटलं अभ्यास करतेय. माशाल्ला, काय मन लावून बसायची."

"तिसऱ्या प्रकरणात काय होतं?" मुलीने विचारलं. तिच्याकडे आधीची पानं आलीच नव्हती. ती सातव्या प्रकरणापासून त्या मुलीला ओळखत होती.

मी तिला खाली घेऊन आले.

त्यानंतरचा महिना आमच्या गॅलरीत रोज संध्याकाळी बैठक भरली. शाळा सुटल्यावर मुलगी खाली येई, आई तिला आधीची प्रकरणं वाचून दाखवत आणि ती आईंना पुढची. सुकटीबरोबर गेलेलं पाचवं प्रकरण मी पुन्हा लिहिलं. दोघींनी ते नापास केलं, मग आणखी एकदा लिहिलं.

"ही मुलगी मावशीला सगळं खरं सांगते," आई म्हणाल्या. "तेरा वर्षांची पोर कधी खरं सांगते का?"

"आजी, मी सांगते," वरची मुलगी म्हणाली.

"हो? मग गणिताच्या मार्कांचं कधी सांगितलंस?"

मी ते वाक्य लगेच कागदावर उतरवून घेतलं. लेखकाच्या घरात तोंड सांभाळून बोलावं हे दोघींनाही तोवर कळलेलं नव्हतं.

नववं प्रकरण संपलं आणि सगळे मी जिथे अडले होते तिथेच येऊन अडलो. दिवाळीची सुट्टी लागते आहे, मुलगी मावशीच्या दारात उभी आहे, आणि पुढे कोरं.

"परत जाते का ती?" आईंनी विचारलं. शेवटचं पान आधी वाचायची त्यांची आयुष्यभराची सोय या वेळी नव्हती. शेवटचं पान जगात कुठेच नव्हतं.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय विचारतेस? लेखिका तू."

"आंटी, ती परत गेली तर मी नाही वाचणार," मुलगी म्हणाली. "इथे तिची शाळा आहे. मैत्रीण आहे. सायन्सचं प्रदर्शन आहे."

"आणि नाही गेली तर मी नाही वाचणार," आई म्हणाल्या. "नदी आहे तिची तिथं. घर आहे."

मुलगी वाद घालत राहिली. आईंनी पानं गोळा करून रबर लावलं. बैठक लवकर मोडली.

मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दोन शेवट लिही. दोघींना एकेक दे."

"कादंबरी आहे. भाजी नाही, एक तिखट एक फिकी करायला."

त्यालाही कळलं होतं की आम्ही कादंबरीबद्दल बोलत नाही आहोत. आमची दिवाळी तोंडावर आली होती. पलंगाखालची पिशवी तोंड बाहेर करून तशीच होती. दिवाळी झाली की आई जाते म्हणणार, आपण नाही म्हणणार, आणि मग त्या पुन्हा गॅलरीत बसणार, चष्म्याशिवाय. याच्यासमोर काढायचा चौकोन माझ्याकडे नव्हता. मी रोज सकाळी दहाव्या प्रकरणाचं पहिलं वाक्य लिहायचे आणि खोडायचे. ड्रोनवाली कादंबरी प्रकाशकांकडे पाठवायची तारीख निघून गेली. मी फोन करून मुदत मागून घेतली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मागत होते, त्यामुळे पलीकडून आधी माझ्या तब्येतीची चौकशी झाली.

भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी आई आणि मी जमिनीवर बसून गवार मोडत होतो. त्या शेंगांच्या शिरा काढण्यात माझ्यापेक्षा कितीतरी चपळ आहेत आणि मी मागे पडले की माझ्या वाट्याची मूठ न विचारता उचलतात.

"अगं, ती जाते परत," आई म्हणाल्या.

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "कायमची?"

"कायमची कशाला? शाळा आहे ना तिची इथं. सामान आणायला जाते."

"सामान?"

"तू पहिल्याच पानावर तिला एका पिशवीवर बाहेर काढलीस. एका पिशवीवर कुणाचं भागतं का? तिचं म्हणून काही असेल की त्या घरात. ते आणलं नाही तर ती मावशीकडे पाहुणीच राहणार." त्यांनी माझी मूठ उचलली. "भराभर मोड. तुझ्यामुळे रात्रीची भाजी सकाळी होईल."

गवार मोडून झाल्यावर मी टेबलाशी बसले आणि दहावं प्रकरण लिहायला घेतलं. मुलगी सुट्टीत गावी जाते, नदीवर जाऊन बसते आणि निघताना आईने पदराला गाठ मारत मारत भरून दिलेली पेटी घेऊन मावशीकडे येते. फार खाडाखोड झाली नाही.

त्याच संध्याकाळी आईंनी नवऱ्याला विचारलं, "रविवारी गाडी मोकळी आहे का? आपट्याला जायचंय."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी चहाच्या चौकोनात खूण करत होते.

"राहायला?" त्याने विचारलं.

"परत यायला मोठी गाडी सांग," आई म्हणाल्या.

रविवारी आम्ही गेलो. आई ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या आणि आम्हा दोघांना कामाला लावलं. माळ्यावरच्या दोन लोखंडी पेट्या खाली आल्या. मग एक खोकं. मग साडीत बांधलेलं एक गाठोडं. सगळी पुस्तकं. त्या एकदा काठी घेऊन नदीकडे गेल्या. शेजारीण सोबत गेली, मी नाही गेले. परत आल्यावर त्यांनी घराला कुलूप लावलं, किल्ली शेजारणीकडे दिली आणि महिन्यातून एकदा झाडून घ्यायला सांगितलं. गाडीत मागे पेट्या असल्यामुळे मला पाय दुमडून बसावं लागलं.

दहावं प्रकरण वरच्या मुलीने मान्य केलं. सायन्सचं प्रदर्शन त्यात कुठेच नाही, हे मात्र तिने दोनदा सांगितलं. प्रकाशकांना मी ड्रोनऐवजी नदीकाठची मुलगी पाठवली. ड्रोनवाल्यांचा खर्डा दोन्ही बाजूंनी भरलेला आहे, त्यामुळे तो कशालाच वापरता येत नाही.

पेट्या घरात आल्या त्या रात्री मी कपाटासमोर उभी होते. त्यात एका पुस्तकापुरतीही जागा नव्हती.

"आई, आमच्याकडे एक नियम आहे," मी म्हणाले. "एक पुस्तक आत आलं की एक बाहेर जातं."

आई पलंगावर बसून पिशवीतली शेवटची लुगडी काढत होत्या. पिशवी रिकामी झाल्यावर त्यांनी ती झटकली, घडी केली आणि मला दिली.

"चांगला नियम आहे," त्या म्हणाल्या. "तुझी काढ."

मी भुयारवाल्या पुस्तकांपासून सुरुवात केली आणि त्याच पिशवीत भरू लागले. आईंनी पेटीतलं वरचं पुस्तक उचललं, चष्मा लावला आणि ते पालथं केलं.